वाळू आधी सारखी करा, मग मोजा

शर्यतींना पंच म्हणून उभं राहण्यात काही राम नाही. दहा सेकंदांत खेळ आटोपतो आणि निकाल कॅमेराच लावतो. मान हवा असेल तर उड्या किंवा फेकी मागून घ्या. इथे तुमच्या हातात झेंड्या असतात: पांढरी म्हणजे ठीक, लाल म्हणजे फाऊल. पिवळीही असते. खेळाडूच्या वेळेतले शेवटचे 15 सेकंद उरले की ती वर धरायची. तिचा दांडा पाठ खाजवायला सोयीचा पडतो.

आधी खुर्चीचं बघा. लांब उडीचा पंच टेकऑफ रेषेच्या, म्हणजे उडी घ्यायच्या फळीच्या पुढच्या कडेच्या, अगदी सरळ बाजूला, नजर फळीच्या जितकी जवळ आणता येईल तितकी आणून बसतो, असं सांगणारे लोक भेटतील. ते बिचारे दिवसभर उन्हात बसतात. तुम्ही झाड शोधा. फळी 20 सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे झाडाखालूनही ती आहे एवढं नक्की दिसतं. पूर्वी फळीपुढच्या प्लॅस्टिसिनवर, म्हणजे मऊ लगद्याच्या पट्टीवर, ठसा उमटला की फाऊल, असा रोखठोक कारभार होता. 2021 मध्ये नियम बदलला. आता उडी घेताना बुटाचा कुठलाही भाग फळीच्या पुढच्या कडेवर उभ्या असलेल्या काल्पनिक पडद्याच्या पलीकडे गेला की फाऊल, मग ठसा उमटो वा न उमटो. पडदाच काल्पनिक म्हटल्यावर तुम्हाला मोकळं रान. सोपी युक्ती सांगतो: वाळूतून उठताना खेळाडू फळीकडे वळून बघतो का ते पाहा. बघितलं, म्हणजे त्याच्या मनात पाल चुकचुकली. लाल.

चुकून पांढरी दाखवलीत तर मोजणं आलं. वाळूत टाचांचे दोन छान खड्डे दिसतात, तिथेच टेपचं शून्य लावा. मागे टेकलेल्या हाताची पुसट खूण शोधत बसू नका. फळीच्या सर्वांत जवळची खूण धरायची, मग ती हाताची असो की अंगाला लागून असलेल्या नंबराच्या कापडाची, असं नियम म्हणतो. पण नियम लिहिणाऱ्याला खड्ड्याशी वाकावं लागत नाही. टेप रेषेला काटकोनात धरायचा असतो. तिरका धरला की अंतर नेहमी जास्तच भरतं, कमी कधीच नाही, तेव्हा तेवढं पुण्य पदरी पाडून घ्या. आकडा खालच्या पूर्ण सेंटिमीटरवर आणायचा, म्हणजे 7.249 मीटर असेल तर 7.24. ज्यांचं गणित शाळेतच सुटलं, त्यांनी 7.25 लिहावं. तेवढ्यावरून कुणाचं पदक गेलंच तर तो बघून घेईल.

दाताळं मात्र उत्साही पोराच्या हाती द्या. खेळाडू खड्ड्याबाहेर पाऊल टाकतो न टाकतो तोच वाळू सपाट झाली पाहिजे. मैदान कसं नीटनेटकं दिसतं!

वाऱ्याचं यंत्र फळीपासून 20 मीटरवर ठेवतात. लांब उडीत खेळाडू 40 मीटरच्या खुणेपाशी आला की 5 सेकंद वारा मोजायचा. सेकंदाला 2 मीटरच्या वर गेला की विक्रम धरत नाहीत. 1991 मध्ये टोकियोत कार्ल लुईसने 8.91 मीटर उडी मारली, पण वारा 2.9 निघाला. त्याच संध्याकाळी माईक पॉवेलने 8.95 मारली आणि ती विक्रमात बसली. हे सगळं कुणीतरी वेळेवर बटण दाबलं म्हणून. तुम्ही फोनवर बोलत असाल तर मागच्या उडीचा वारा लिहा. वारा काय, वाराच असतो.

1968 मध्ये मेक्सिकोत बॉब बीमनने 8.90 मीटर उडी मारली. मोजायचं दुर्बिणीचं यंत्र तिथवर पोहोचेचना. पंचांनी साधा पोलादी टेप मागवला आणि शांतपणे हाताने मोजलं. एवढा वेळ खाऊन लोकांना ताटकळत ठेवणं तुम्हाला शोभणार नाही.

वर्तुळातून होणाऱ्या फेकी जिथे पडायच्या त्या क्षेत्राचा कोन 34.92 अंशांचा असतो. आकडा ऐकून घाबरू नका. वर्तुळाच्या मध्यापासून 20 मीटरवर दोन रेषांमध्ये 12 मीटर अंतर भरलं की कोन आपोआप बरोबर येतो. म्हणजे हे काम टेप आणि दोन खुंट्यांत होतं, म्हणूनच ते कुणी करत नाही. गोळा टाकून झाल्यावर खेळाडू वर्तुळाच्या मागच्या अर्ध्यातून बाहेर पडला का, हे बघूनच झेंडी उचलायची असते. तुम्ही गोळा हवेत असतानाच पांढरी उचला. लोकांना वाटतं, काय हो आत्मविश्वास!

भाल्याचं टोक आधी टेकलं की भाला आडवा पडला, यावरून पंच आणि खेळाडू वर्षानुवर्षं भांडले. 1984 मध्ये उवे होनने 104.80 मीटर भाला फेकला. एक तर मैदानं पुरेनाशी झाली, त्यात आडव्या पडण्याचं भांडण होतंच. शेवटी 1986 मध्ये पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य 4 सेंटिमीटर पुढे सरकवून नाक खाली करावं लागलं. भाला सुधारला, पंच सुधारायची तरतूद अजून कुणी केलेली नाही. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नीरज चोप्राची पहिली फेक मोजायचीच राहिली आणि त्याला ती पुन्हा टाकायला लावली. तो 88.88 मीटरवर सुवर्ण घेऊन गेला, म्हणून निभावलं. सगळे नीरज नसतात, हे तुमच्या पथ्यावर पडतं.

एवढं एक वाक्य मात्र सरळ वाचा. 2012 मध्ये जर्मनीत एका स्पर्धेत भाला लागून एका अनुभवी पंचाचा जीव गेला. फेक चालू असताना क्षेत्रात पाऊल टाकू नका आणि फेकणाऱ्याकडे पाठ करू नका. आता पुढे.

उंच उडीचा तक्ता म्हणजे पोरांचा फुली-गोळा, असं समजून भरा. 1.80 दोघांनी पार केली, 1.83 दोघांनाही जमली नाही, तर 1.80 कमी प्रयत्नांत पार करणारा वर. तिथेही बरोबरी असेल तर 1.80 पर्यंतच्या एकूण फुल्या, म्हणजे चुकलेले प्रयत्न, मोजायच्या. 1.83 वरच्या फुल्या यात धरत नाहीत. तुम्ही धरा. बेरीज मोठी दिसते आणि दोघेही बुचकळ्यात पडतात. कुणी एका उंचीवर दोनदा चुकून पुढची मागितली, तर तिथे त्याला एकच संधी उरते. तुम्ही उदार मनाने तिन्ही द्या. दांडी थरथरत असतानाच पांढरी दाखवा, मग ती पडली की लाल. एका उडीत दोन्ही झेंड्या, प्रेक्षकांचे पैसे वसूल. बांबूच्या उडीबद्दल काही सांगत नाही; तिथे उभं राहायला निदान मान वर करावी लागते.

शेवटी येतो तक्रारखोर खेळाडू. लाल झेंडी दिसल्याबरोबर तो तिथल्या तिथे म्हणतो, "सर, माझा पाय मागे होता." अशा वेळी मुख्य पंच ती उडी मोजून नोंद करून ठेवायला सांगू शकतो, निर्णय मागाहून. चांगला नियम आहे. सगळे टेप घेऊन खड्ड्याशी गोळा होतात. खेळाडू वाकतो, मुख्य पंच वाकतो, शून्याचं टोक धरलेला मुलगा वाकतो आणि तसाच थांबतो. वाळू आरशासारखी सपाट. पलीकडे दाताळं टेकवून तुमचा उत्साही पोरगा शाबासकीची वाट बघत उभा.