अनवाणी लूपर

लूपर पेडल घ्यायचाय असं चार गिटारवाल्यांत नुसतं म्हणायची खोटी, लगेच पहिला प्रश्न येतो, "किती तासांचा?" म्हंजे वाजवायचं काय, कुठे, कशासाठी हे कुणी विचारत नाही, तास विचारतात. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, लूपर म्हणजे पायाने दाबायचा एक डबा, दाबला की रेकॉर्डिंग सुरू, परत दाबला की जे वाजवलं ते गोल गोल फिरत राहतं आणि त्याच्यावर तुम्ही अजून वाजवत बसायचं. बस. एवढंच काम आहे त्याचं. पण ह्या एवढ्याशा कामासाठी लोकांनी आठवडेच्या आठवडे व्हिडिओ बघितलेत, मी पण.

तर तास. बॉस कंपनीच्या आरसी-5 लूपरमध्ये 13 तास मावतात, टीसी इलेक्ट्रॉनिकच्या छोट्या डिट्टोमध्ये 5 मिनिटं, आणि माणूस साहजिकच म्हणतो 13 कुठे आणि 5 मिनिटं कुठे. पण एकदा रात्री झोप येईना म्हणून हिशोब मांडला. आपल्याला सुचतं काय, तर ए मायनर, एफ, सी, जी हे चार कॉर्ड, चार बार. 80 च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला 80 ठोके, चार बार म्हणजे 16 ठोके, म्हणजे बरोब्बर 12 सेकंद. 13 तासांत अशा 3,900 कल्पना बसतात! आणि लूप साठवायचे खण किती, तर 99. म्हंजे गोदाम भाड्याने घ्यायचं आणि ठेवायच्या 99 पिशव्या. 5 मिनिटांत बसतात 25, आणि खरं सांगू का, मला आजवर जे जे सुचलंय ते सगळं त्यात बसून वर जागा उरेल, कारण निम्म्या वेळा ते ए मायनर, एफ, सी, जी च असतं.

मग लूपर हवाच कशाला? तर फोन. सगळ्या कल्पना फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवायची सवय, सगळ्यांची नावं "नवीन रेकॉर्डिंग" आणि पुढे आकडा, आणि त्यातलं एक लावलं की आधी ऐकू येते कुकरची शिट्टी, मग "अरे दूध उतू जातंय", मग बेल, आणि ह्या सगळ्याच्या मागे कुठेतरी लांब एक रिफ, म्हणजे गिटारची छोटीशी धून, जी चांगली होती असं अंधुक आठवतं. लूपरचं बरं असंय की त्याला घर ऐकू येत नाही. त्याला फक्त वायरीतून येतं तेच कळतं. आमच्या घरात ह्या एका गुणासाठी त्याचे पैसे वसूल आहेत.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. आमचा ड्रमर म्हणाला ड्रम्सवालाच घे, आतमध्ये रिदम असतात, मस्त प्रॅक्टिस होते. आता ड्रमरनेच असं सांगावं ह्याचं आधी कौतुक वाटलं, मग कळलं की त्याला रविवारी सुट्टी हवीये. त्यात गंमत अशी की ते ड्रम्स गिटारच्याच अँपमधून ऐकायचे, आणि गिटार अँपचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर हात वर करतो, त्यामुळे झांजेची सगळी चमक गायब आणि उरतं नुसतं ढब ढब. ऑफिसातला एक जण म्हणाला 32 बिटचाच घे, 24 बिटमध्ये डिटेल जातं. माझा अँप दहा वॉटचा, सेकंडहँड, त्याच्या एका कोपऱ्याला सेलोटेप. कुठलं डिटेल रे बाबा?

बायकोचा सल्ला वेगळाच. जानेवारी 2025 मध्ये एड शीरन पुण्यात येऊन गेला तेव्हा ती मैत्रिणींबरोबर गेली होती, आणि तेव्हापासून तिचं मोजमाप ठरलेलं आहे. "अरे तो एकटा माणूस, एक गिटार, आणि अख्खं मैदान हलवतो." मी म्हटलं अगं त्याचं ते च्युई नावाचं मशीन त्याच्यासाठी खास बनवलेलंय, ते दुकानात मागून मिळत नाही. म्हणाली, "मग मशीनचा प्रश्न आहे होय." ह्यावर मी काय बोलणार. केटी टनस्टॉल ह्या स्कॉटिश गायिकेचं उदाहरण देऊन बघितलं, की 2004 साली बीबीसीवर एकटी आली, अकाईचा हेडरश पेडल, ज्यात मिनिटभराची पण मेमरी नव्हती, आणि त्या एका दिवसात बाईंचं नाव झालं. तर म्हणे, "बघ, तिला तर मिनिट पण लागलं नाही."

बाबांचा विषय सगळ्यात अवघड होता. बाबांनी तरुणपणी तबल्याची तालीम घेतलीये, अजून सकाळी तासभर हात चालवतात, आणि त्यांच्या दृष्टीने गिटार हे कॉलेजात करून सोडून द्यायचं काम. त्यांना सांगितलं की एकच तुकडा परत परत वाजवणारं मशीन घेतोय, किंमत अमुक. ते म्हणाले, "म्हणजे लेहरा." हो, म्हटलं, लेहराच. पेटीवाला तीनतालाची सोळा मात्रांची ओळ धरून बसतो आणि तबलजी त्यावर कायदे, रेले काय हवं ते करतो, तसंच. "मग त्याला एवढे पैसे? आमचा पेटीवाला चहावर यायचा."

तेव्हा मी हुकमाचं पान काढलं. म्हटलं बाबा, हे लूपिंग आजचं नाही, साठच्या दशकात टेरी रायली नावाचा अमेरिकन माणूस दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवायचा, एकावरून टेप निघून दुसऱ्यावर जायची, पहिल्यावर रेकॉर्ड झालेलं जरा वेळाने दुसऱ्यावर वाजायचं आणि परत पहिल्यात जायचं, असे थरावर थर. पुढे रॉबर्ट फ्रिप ह्या ब्रिटिश गिटारवाल्याने रेव्हॉक्सच्या दोन टेप मशीनवर गिटारचं तेच केलं. बाबा पेपरातून वर पण बघेनात. मग म्हटलं, आणि हा रायली 1970 मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. पेपर खाली आला. "प्राणनाथ म्हणजे किराणा घराण्याचे?" हो. "वहीद खाँसाहेबांचे?" हो. बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "किराण्याचा असेल तर घे."

एवढी परवानगी घेऊन दुकानात गेलो आणि तिथे खरा घोळ कळला. हा मुद्दा जगातल्या एकाही रिव्ह्यूवाल्याने सांगितलेला नाही, कारण ते सगळे घरात बूट घालून फिरतात. आपण घरात अनवाणी असतो ना! आणि बहुतेक छोट्या लूपरवर असतं ते पोलादी बटण, बोराएवढं, कडक स्प्रिंगचं, बुटाने दाबायला केलेलं. मी दुकानात सरळ चप्पल काढली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, इथे काढायची गरज नाही." म्हटलं दादा, मला घरी कसं वाटेल ते बघायचंय. अंगठ्याने दाबलं तर बटण दबायच्या आधी अंगठाच मागे वळतो. चवड्याने दाबलं तर दबतं, पण ते बटण बरोब्बर दोन हाडांच्या मधे घुसतं. आणि एका बटणाच्या पेडलमध्ये लूप थांबवायला पटकन दोनदा दाबावं लागतं, अनवाणी पायाने झुरळ मारताना जसं एकदा नेम चुकून घाईघाईने दुसरा हाणतो ना, तसं. त्यात पहिल्या दाबाला ते ओव्हरडब, म्हणजे वरचा नवा थर, सुरू करतं, म्हणजे "आई गं" म्हणून तारांवर हात पडला तर तो पण आत गेला.

दोन बटणांचा घेतला तर थांबवायचं बटण वेगळं मिळतं, हे चांगलं, पण मग पोलादी बटणं पण दोन. बाजारात त्या बटणावर बसवायच्या प्लास्टिकच्या टोप्या मिळतात म्हणे. बाथरूमची चप्पल घालून वाजवायचा पर्याय मी घरी फोन करून विचारला आणि आईने एका शब्दात निकाली काढला.

शेवटी हाताशी, म्हणजे पायाशी लागला बॉसचा आरसी-1. बॉसच्या छोट्या पेडलची ती जुनी रचना, अर्धाअधिक पेडल म्हणजे वरून रबर लावलेली रुंद पट्टी, कुठेही पाय ठेवा, दबते. 12 मिनिटं, खण एकच, ड्रम्स नाहीत, वर 24 दिव्यांचं एक वर्तुळ, लूप कुठवर आलाय ते फिरून दाखवतं. आठवडेच्या आठवडे बिट आणि तास आणि मेमरी केली आणि निर्णय झाला तळपायावर. मुलाने बिल करताना मित्राला हळूच सांगितलेलं मी ऐकलं, "हे चप्पल काढणारे सर."

अडाप्टर मात्र तिथे नव्हता. मग पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची तपकीर गल्ली. गिटारच्या पेडलला 9 व्होल्ट लागतात पण उलटे, म्हणजे पिनच्या आत मायनस आणि बाहेर प्लस, आणि घरातल्या बाकी बहुतेक वस्तूंचं आत प्लस असतं. हे दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, नऊ व्होल्ट म्हणजे नऊ व्होल्ट. आत काय न् बाहेर काय." पुढच्या दुकानात एकाने माझ्यासमोर वायर कापून, उलटी करून, डाग देऊन, काळी टेप गुंडाळून दिली आणि वर मीटर लावून दाखवलं, मायनस नऊ पॉइंट काहीतरी. काम पक्कं. फक्त घरी लावल्यावर अँपमधून बारीक गुंssss सुरू झालं, आणि हे लूपरमध्ये थरागणिक साठत जातं, पहिल्या थरात एक गुं, चौथ्या थरात चार. बाबा बाहेरून आले, दारात थांबले, म्हणाले, "तानपुरा कुठला लावलायस? पांढरी पाचच्या किंचित वर आहे." आता आपली वीज 50 हर्ट्झची, आणि पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, तिचा खालचा सूर 49, त्यामुळे बाबांचा कान अगदी बरोबर होता. नंतर नीट अडाप्टर आणला, तर म्हणाले आधीचं बरं होतं, आधार होता.

रविवारी ड्रमर आला. म्हणाला दे इकडे, मला काय शिकवतोस लय. पाय ठेवला, चार बार मोजले, आणि चौथ्या बारातला चौथा ठोका पडल्या पडल्या दाबला. सगळे इथेच मार खातात. ठोका पडला म्हणजे संपला असं वाटतं, पण त्याची लांबी शिल्लक असते, दाबायचं ते पुढच्या एकवर. लूप फिरायला लागला आणि दर फेरीला लंगडायला लागला. बाबा आतून बोटांवर मोजत बाहेर आले. "हा कुठला ताल? पंधराच्या पुढे आणि सोळाच्या आत." मग ते माझ्या शेजारी सतरंजीवर बसले, मांडीवर टाळी-खाली दाखवत, आणि "सोळावर नाही, समेवर, स-मे-वर!" असं म्हणून माझ्या गुडघ्यावर चापट मारली, पाय आपोआप खाली गेला, आणि लूप असा जुळला की जोड सापडेना.

तिथून सूत्रं त्यांच्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी झपताल मागितला. ड्रम्स नसलेल्या लूपरचं हे एक आहे, त्याला ताल कळतच नाही, दहा मात्रा द्या नाहीतर साडेनऊ, जेवढं दिलं तेवढं फिरवतो. मी सकाळी चहाच्या आधी दहा मात्रांची एक ओळ वाजवून द्यायची, बाबा त्यावर तासभर तबला वाजवणार. एकच खण असल्यामुळे माझं आदल्या रात्रीचं जे काही सुचलेलं असतं ते ह्यात पुसलं जातं. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "तेच चार कॉर्ड होते. मी ऐकले होते."

परवा विचारत होते, ह्याच्यात लय वाढवता येते का, सूर न बदलता? म्हटलं ह्याच्यात नाही येत, तो 13 तासांचा असतो ना, त्याच्यात येते. बाबांनी तबल्यावरची पावडर झटकली.

"मग तो का नाही आणलास?"