पहिले दोन बँडही वाजले होते: क्लबमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या क्लबमधल्या शनिवारच्या मेटल नाइटबद्दल, म्हणजे हेवी मेटल रॉक बँडच्या कार्यक्रमाबद्दल, तुम्ही लिहिलेला ऑनलाइन रिव्ह्यू वाचला. मध्येच पाणी संपलं, आत उकडत होतं, तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. पाण्याचं पुढच्या वेळी नक्की बघतो.

पण एक वाक्य मनाला फार लागलं. "पाच बँड सांगून ४०० रुपये घेतले, त्यातले पहिले दोन म्हणजे लोकल पोरांचं नुसतं टेस्टिंग, खरे बँड तीनच." आणि त्यावर एक तारा. सर, गेटवर तुमचं तिकीट स्कॅन झालंय ६.५० ला. पहिला बँड पाचला स्टेजवर चढला होता आणि दुसरा साडेसहाच्या आत वाजवून उतरलाही होता. तुम्ही आत आलात तेव्हा तिसऱ्याचं पहिलं गाणं चालू होतं. म्हणजे ज्या दोन बँडना तुम्ही टेस्टिंग म्हणता, त्यांचा एक सूरही तुमच्या कानावर पडलेला नाही. पाचची वेळ पोस्टरवर होती, तिकिटावर होती, आदल्या दिवशी सगळ्यांना मेसेजही गेला होता.

आता टेस्टिंगचंच सांगतो. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधी वाजवून आवाज जुळवून घेणं, दुपारीच उरकला होता. तो उलट्या क्रमाने होतो: रात्री शेवटी वाजवणारा बँड सगळ्यात आधी चेक करतो आणि पहिला बँड सगळ्यात शेवटी. त्याचं सेटिंग तसंच ठेवून गेट उघडायचं, म्हणजे वेळेवर सुरू करता येतं. पाच बँडना मिळून एकच ड्रमसेट असतो, पण स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम), सिंबल (झांजा) आणि डबल पेडल (दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवायचं) ज्याचं त्याचं. ते बदलायचं, अँपच्या (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेटीच्या) वायरी काढायच्या, लावायच्या, यात दर बँडमागे वीसेक मिनिटं जातात. ती तुम्हाला "रिकामा वेळ" वाटली. आमची माणसं त्या वीस मिनिटांत घामाघूम झालेली असतात.

इतक्या लवकर का सुरू करता, हेही तुम्ही विचारलंय. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला सवलत आहे, पण आवाज हद्दीबाहेर किती जावा याला तिथेही मर्यादा आहे. निवासी भागात रात्रीची पातळी ४५ डेसिबल धरलेली आहे. आमची शेड सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत असली तरी मागच्या बाजूला वस्ती आहे, आणि पत्र्याचं छत बास ड्रमची धडधड काय अडवणार? एक तक्रार गेली तर फक्त त्या रात्रीचा नाही, पुढचे सगळे कार्यक्रम बंद होतील. म्हणून पावणेदहाला शेवटचं गाणं संपवतो. मुंबईच्या बँडमधल्या पोरांना रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेसही पकडायची असते. पुण्यात उशिरापर्यंत चालतं असं तुम्ही लिहिलंय. तिथलं तिथे, मला इथे धंदा टिकवायचाय.

आवाज "नुसता गोंगाट" होता, हे मात्र मी पूर्ण खोडत नाही. भिंतींना आम्ही जाड सोलापुरी चादरी दुहेरी लावल्यात. त्या गिटारचा आणि सिंबलचा तीक्ष्ण आवाज बऱ्यापैकी पितात, पण बासच्या, म्हणजे खालच्या जड आवाजाच्या, लाटा काही मीटर लांबीच्या असतात, त्या कापडाला जुमानत नाहीत आणि कोपऱ्यात जाऊन साठतात. तुम्ही पूर्ण वेळ डाव्या कोपऱ्यात, सबवूफरला (बासच्या मोठ्या स्पीकरला) लागून उभे होता. आमच्या मुलाने मध्ये यायला सांगितलं, इअरप्लगही दिले, ते तुम्ही घेतले नाहीत. बासचं काहीतरी करायचं आहे, चौकशी चालू आहे.

तिकिटाचं म्हणाल तर आम्ही दारू विकत नाही. कॉलेजची पोरं येतात, घरचे विचारतात, म्हणून तो निर्णय सुरुवातीपासूनचा आहे. तिकीट हेच उत्पन्न. त्यातून साउंडचं भाडं, जनरेटर आणि बाहेरच्या बँडचा प्रवास भागवायचा असतो.

पण पैशाचं सोडा. पहिल्या बँडचा ड्रमर टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर काम करतो. शनिवारी पाळी बदलून घेऊन तो दुपारी आला होता. त्यांची गाणी मराठीत आहेत, मधल्या ओळी तेलुगूत, कारण गाणाऱ्या मुलाच्या घरी तेलुगू बोलतात. पूर्व भागातल्या गल्लीत वाढलेल्या पोरांनी स्वतःची गाणी रचलीत. पाच वाजता समोर थोडेच लोक होते, तरी हात राखून वाजवलं नाही. तुमचा रिव्ह्यू त्यांनीही वाचलाय. गाणारा मुलगा मला म्हणाला, "काका, पुढच्या वेळी आमचं नाव पोस्टरवर टाकू नका." हे मला सहन झालं नाही, म्हणून एवढं लिहितोय.

हे संगीत कारखान्यांच्या शहरातूनच आलंय, सर. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने बोटांना प्लास्टिकची टोपणं करून बसवली आणि वाजवत राहिला. १९७० साली त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम आला. २०११ मध्ये मेटॅलिका हा अमेरिकेचा प्रसिद्ध मेटल बँड बंगळुरूला आला तेव्हा त्यांच्या आधी बंगळुरूचाच इनर सॅन्क्टम हा बँड वाजला होता. आधी वाजणारा लोकल बँड म्हणजे नुसता वेळ भरायला, असं या संगीतात कोणी समजत नाही. वडिलांचे माग होते त्या शेडमध्ये मी हे सुरू केलं, ते याच पोरांना उभं राहायला जागा मिळावी म्हणून.

आमचे रिव्ह्यू मोजकेच आहेत. बाहेरचे बँड तारीख द्यायच्या आधी तेच बघतात, त्यामुळे एक तारा आम्हाला खूप महागात पडतो. तरी रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. पाणी, उकाडा, आवाज, जे सोसलंत ते राहू द्या. पुढच्या पोस्टरवर वेळ आणखी मोठ्या अक्षरात छापू, पंख्यांचंही बघू. फक्त त्या दोन बँडबद्दलचं वाक्य तुम्ही न ऐकता लिहिलंय, तेवढं काढता आलं तर बघा. पुढच्या कार्यक्रमाला तुमचं तिकीट माझ्याकडून, पण पाचला या.