कातडीवर पावडर थापून नख उगवत नाही

‘नखं खाणाऱ्यांसाठी १०० टक्के उपाय’ हा मेसेज सध्या कोल्हापुरातल्या भिशीच्या, महिला मंडळांच्या, शाळेतल्या मम्मी लोकांच्या ग्रुपांवर नुसता धुमाकूळ घालतोय. मी राजारामपुरीत नेल एक्स्टेन्शनचं काम करते, त्यामुळे असलं काही आलं की एरवी डिलीट करून मोकळी होते. पण या वेळी तो सख्ख्या भाचीकडून आला, आणि खाली तिची ओळ: “मावशी, साखरपुड्याला घरीच करते. सामान मागवलंय.” तिला फोनवर जे बोलायचं ते बोलून झालं. बाकीच्यांसाठी हे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. कव्हर पिंक ॲक्रिलिक (नकली नख बांधायची दाट गुलाबी पावडर) घ्या. खाल्लेल्या नखापुढच्या कातडीवरही पसरवा, तिथे नवं नख ‘तयार’ होतं. पार्लरवाल्या लुटतात, कवळीची पावडर-लिक्विड किंवा सुपरग्लू आणि खायचा सोडा म्हणजे तेच मटेरियल. सवय कायमची सुटते. मुळात नखं खाणं म्हणजे कॅल्शियम कमी, तर गोळ्या चालू करा. आणि लांबी हवी तेवढी ठेवा, दोन-तीन महिने काढू नका.

कातडीवर पसरवा! हे लिहिणाऱ्याने कव्हर पिंकचं काम रीलमध्ये वरून पाहिलंय, बाजूने कधी पाहिलेलं नाही. साध्या गुलाबी पावडरीतून खालचं सगळं दिसतं. कव्हर पावडरीत रंग दाट असतो, त्यामुळे खालचं झाकलं जातं, एवढाच तिचा गुण. खाल्लेल्या नखाचा गुलाबी भाग आखूड झालेला असतो आणि त्याच्यापुढे बोटाचं टोक फुगून वर आलेलं असतं. तिथूनच पांढरं टोक सुरू केलं तर बोट मध्येच तोडल्यासारखं दिसतं. म्हणून आम्ही नखापासून पुढे ॲक्रिलिकची छोटी पट्टी बांधतो, तिच्यावर कव्हर पिंक ओढतो आणि पांढरी रेघ पुढे सरकवतो. बघणाऱ्याला वाटतं गुलाबी नख लांब आहे. पण तो वाढीव गुलाबी भाग बोटाच्या वर अधांतरी असतो, कातडीला चिकटलेला नसतो. अशा बोटांवर फॉर्म, म्हणजे नखाखाली सरकवायचा साचासुद्धा धड बसत नाही, कारण तो खाली सरकवायला नखाची कडाच शिल्लक नसते. म्हणून हे काम शिकाऊ मुलीला देत नाहीत. क्युटिकलपाशी, म्हणजे नखाच्या मुळाच्या कातडीपाशी, आणि दोन्ही बाजूंना बारीक मोकळी जागा सोडायची, हे मात्र पहिल्या दिवसापासून बजावतात.

ती जागा सोडायचं कारण आहे लिक्विड. पावडर एकटी काही करत नाही. ब्रश या लिक्विडमध्ये, म्हणजे मोनोमरमध्ये, बुडवून पावडरीत टेकवला की गोळा होतो आणि तो नखावर घट्ट होतो. हा मोनोमर मेथॅक्रिलेट जातीचा असतो आणि कातडीला लागत राहिला की त्याची ॲलर्जी होऊ शकते. त्यात कुरतडलेली बोटं आधीच सोललेली, कडेला रक्ताळलेली. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली दिलेला इशारा वाचावा. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या १३ त्वचारोग केंद्रांत पॅच टेस्ट (कातडीवर करायची ॲलर्जीची चाचणी) केलेल्यांपैकी २.४ टक्के लोकांना या जातीच्या किमान एका रसायनाची ॲलर्जी निघाली. हे चाचणीपर्यंत पोचलेले लोक, सरसकट जनता नव्हे, हे मान्य. पण इशाऱ्याचा रोख नेमका घरी केलेल्या नखांकडे आणि न शिकलेल्या हातांकडे होता. नख सुटं होतं, बोटांना खाज आणि भेगा येतात, आणि हात जिथे जिथे लागतो तिथे, म्हणजे चेहऱ्यावर, मानेवरही पुरळ उठतं. एकदा झालेली ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. पुढे दातात सिमेंट भरायचं किंवा गुडघा बदलायचा म्हटलं की तिथेही याच जातीची रसायनं असतात. साखरपुड्याच्या फोटोंसाठी एवढी किंमत?

आता ‘तेच मटेरियल’. अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते: टिप (नखाचं तयार नकली टोक) चिकटवायचा आमचा ग्लू आणि टपरीवरचा सुपरग्लू एकाच कुळातले. पण त्यात सोडा टाकला की तो झटक्यात घट्ट होतो आणि होताना चांगलाच तापतो, तोही सोललेल्या बोटावर. कवळीचं लिक्विड त्याहून वाईट. त्यात एमएमए, म्हणजे मिथाइल मेथॅक्रिलेट असतं. ते नखावर फार कडक होतं, नकली नखं काढायच्या ॲसिटोनमध्ये सहजी सुटत नाही, आणि कुठे आपटलं तर टोक मोडायच्या ऐवजी खालचं खरं नख उचकटून येतं. शुद्ध एमएमए असलेली नखांची उत्पादनं अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासनाने) सत्तरच्या दशकातच कोर्टात जाऊन बाजारातून काढायला लावली. ते आपल्याकडे २०० रुपये वाचवायची आयडिया म्हणून फिरतंय. कवळ्या बनवणाराही ते कवळीसाठी वापरतो, बाबांनो.

सवय सुटते का? ॲक्रिलिक जाड असतं, दाताला दाद देत नाही, त्यामुळे ते आहे तोवर बऱ्याच जणींचं खाणं थांबतं. हे मी रोज बघते. ‘कायमची’ मात्र नाही. काढल्यावर आठवड्यात तोंडात बोट जातं, काही जणी तर ॲक्रिलिकच कुरतडून उचकटतात आणि त्याबरोबर नखाचा पापुद्रा. रक्त येईपर्यंत खाणारी असेल तर तिने आधी डॉक्टरकडे जावं, माझ्याकडे नंतर.

कॅल्शियमचं काय बोलायचं? नख केराटिनचं असतं, त्यात कॅल्शियम नावापुरतं. परीक्षेच्या आदल्या रात्री पोर नखं खाते ती कॅल्शियम कमी पडलं म्हणून?

राहिली लांबी. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत मुळाशी पट्टा दिसायला लागतो आणि फिल करावंच लागतं, म्हणजे ती जागा नव्याने भरावी लागते. नाही केलं तर कडा सुटते, खाली पाणी साचतं आणि नख हिरवं पडतं. खाल्लेल्या नखावर पकड मिळते ती इवलीशी. त्यावर लांबलचक टोक बांधून भाकरी थापायला बसलात तर पहिल्या भाकरीलाच तुटेल. सुरुवातीला टोक बोटाच्या जेमतेम पुढे ठेवा. खालचं स्वतःचं नख वाढून पकड मिळाली की मग लांबी मागा, मी देते.