अख्ख्या घराचा एकच जीमेल

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात फोन सगळ्यांकडे आहेत, जीमेल मात्र एकट्या माझा. बाबांचा फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं विचारलं, कोणता मेल टाकू, तर बाबा म्हणाले, "याचाच टाक ना बा, घरातलाच हाय." मग आईच्या फोनमध्ये तोच, आत्याच्याही तोच. आता कुठल्याही साइटवर गूगलनं साइन इन करायचं बटण दिसलं की घरातलं कोणीही बिनधास्त दाबते आणि आत जातो तो मी.

म्हणजे इंटरनेटच्या हिशोबानं मी सकाळी गुडघ्याचे व्यायाम करतो, दुपारी ब्लाउजचे गळे सेव्ह करतो आणि रात्री नीटची मॉक टेस्ट देऊन बायोलॉजीत आपटतो. परवा मेल आला, अभिनंदन, तुमच्यासाठी नवीन स्थळं आली आहेत! आत्यानं माझ्या पुतण्यासाठी नाव टाकलं होतं. पुतण्या खुश, माझी बायको अजून बोलून नाही राहिली.

२००५ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं ओपनआयडी, म्हणजे या बटणाचा पूर्वज, काढलं ते यासाठीच, की दर साइटला नवा पासवर्ड कशाला, एका ओळखीवर सगळीकडे जा. आयडिया झकासच आहे, साइटच्या हातात तुमचा पासवर्ड जातच नाही, गूगल फक्त सांगते की हो, हा तोच, हे नाव, हा मेल. पण 'हा' म्हणजे एकच माणूस असं धरलेलं दिसते, महालातलं एकत्र कुटुंब त्या बिचाऱ्या ब्रॅडच्या डोक्यात कुठून येईल!

सगळ्यांना आपापलं काढून देतो म्हटलं तर बाबा भडकले, "आता जीमेलचीबी वाटणी करून राहिला का?" विषय तिथंच संपला.

काल मी सीताबर्डीत होतो, पुतण्यानं नव्या फोनवर लॉगिन केलं आणि तुम्हीच साइन इन करताय का, हा प्रश्न घरातल्या सगळ्या फोनवर एकदम वाजला. आई सरळ बाई, तिनं खरं ते सांगितलं: नाही, मी नाही. झालं, अकाउंट धोक्यात, पासवर्ड बदला. बदलला, तर पटापट सगळे लॉगआउट अन् बाबांचा फोन, "अबे माझे व्यायाम कुठी गेले?"

व्हरायटी चौकातल्या त्या कल्ल्यात मी नवा पासवर्ड ओरडून सांगत होतो, कॅपिटल एन, मग ॲट, मग शून्य... बाबांना काही ऐकू येईना. बाजूच्या संत्रेवाल्यानं मात्र तराजू खाली ठेवून विचारलं, "भाऊ, झिरो का ओ?"