खंबाटकीचा बोगदा मिटत नाही, म्हणून काय झालं

रविवारी साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यात गाडी शिरली आणि शेजारचा भाचा म्हणाला, "मामा, हा बघ आपला वर्महोल!" अकरावी सायन्सला आहे. वर्महोल म्हणजे अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणारा, कागदोपत्रीचा बोगदा. कंदी पेढ्यांच्या पुड्याचा कागद दुमडून त्यात पेन खुपसून दाखवलंसुद्धा. पेढे माझ्या सीटवर सांडले ते वेगळंच.

मला ते कागदाचं प्रात्यक्षिक कधीच पटलेलं नाही. कागद ताठ असतो, म्हणून भोक राहतं. खंबाटकीचा खडक स्वतःला तोलून धरतो. अवकाशाचं तसं नाही. आइन्स्टाइन आणि रोझेननी १९३५ साली समीकरणांतून असला पूल काढला खरा, पण १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलरनी दाखवलं, की तो इतक्या झटक्यात मिटतो की प्रकाशही पलीकडे पोचत नाही.

मग टेकू लावायचा. १९८८ मध्ये मॉरिस आणि थॉर्ननी टेकूचा हिशेब मांडला: ऋण ऊर्जा हवी. ही अगदीच भाकडकथा नाही. निर्वात जागेत धातूच्या दोन पट्ट्या अगदी जवळ आणल्या की त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, कारण मधल्या फटीतली ऊर्जा शून्याच्याही खाली जाते. कॅसिमिरनी १९४८ मध्ये हे सांगितलं, पुढे ती ओढ मोजलीही गेली.

"मग झालं की!" भाचा.

कुठलं झालं? मीटरभर तोंडाचा वर्महोल उघडा ठेवायला ढोबळमानाने गुरू ग्रहाएवढं ऋण वस्तुमान लागतं. चिमूटभर मिठावर जत्रेचा रस्सा उरकायचा प्रकार. २०२२ मध्ये 'गूगलच्या क्वांटम कॉम्प्युटरवर वर्महोल बनवला' अशी बातमी फिरली, तीही नऊ क्युबिटवर, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरच्या नऊ मूळ घटकांवर, चालवलेली एका सोप्या मॉडेलची नक्कल होती. अवकाशाला कुणी भोक पाडलं नव्हतं.

माझं मत सरळ आहे. माणूस जाऊ शकेल असा वर्महोल निसर्गात नसावा. वर्गसमीकरणातून बांधाची लांबी उणे १२ मीटर आली तर आपण ती खोडतोच ना? हे मी जरा ऐटीतच ऐकवलं.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत अडकलो. भाचा इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, डिरॅक या शास्त्रज्ञाच्या इलेक्ट्रॉनच्या समीकरणातूनपण १९२८ ला असलंच नको ते उत्तर आलं होतं. त्यानं खोडलं नाही. चार वर्षांनी पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन प्रभाराचा जुळा, सापडला."

मी काच खाली केली आणि पुढची गाडी का हलेना ते बघू लागलो.