परवडत नाही म्हणून ऐकायचंही नाही?

हाय-फायच्या, म्हणजे घरी अस्सल आवाजात संगीत ऐकवणाऱ्या यंत्रांच्या, नादाला नव्याने लागलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: "जे घ्यायची ऐपत नाही, ते ऐकायला जाऊच नकोस." सल्ला देणारे बहुतेक वेळा आपलं भलं चिंतणारेच असतात आणि त्यांची कारणंही ठरलेली असतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत. भारी सिस्टीम एकदा ऐकली की घरची फिकी वाटायला लागते. शोरूमची खोली वेगळी, आपली वेगळी. महागडं म्हणजे निम्मं थोतांड असतं. कानाला काही लक्षात राहत नाही. आणि शेवटचं, घ्यायचं नसताना दुकानदाराचा वेळ खाणं बरं नव्हे.

मला हा सल्ला पंधरा वर्षांपूर्वी मिळाला होता. मी तो दोन वर्षं पाळला आणि ती दोन वर्षं फुकट गेली असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून ही कारणं एकेक करून तपासतो.

अंथरुणाची म्हण खरी आहे, पण ती खर्चाबद्दल आहे. ऐकून आल्याने कुणाचं अंथरूण तोकडं पडत नाही. आपल्याकडे तर "तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं" असं घरोघरी सांगितलं जातं, आणि कानसेन व्हायला घरात वाद्यं असावी लागत नाहीत. मुंबईत काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये रेकॉर्ड ऐकून बघायला केबिन होत्या. २०१६ साली ते दुकान बंद झालं तेव्हा हळहळलेल्या माणसांत, तिथे विकत कमी घेतलेले आणि ऐकलं मात्र भरपूर, असे कितीतरी जण होते.

जपानमध्ये तर ऐपतीबाहेरचं ऐकण्यावर एक अख्खी परंपरा उभी राहिली. युद्धानंतरच्या वर्षांत परदेशी एलपी आणि चांगली यंत्रं तिथल्या साध्या पगारदाराच्या आवाक्याबाहेर होती. लोक मग 'जॅझ किस्सा'त जाऊन बसत, म्हणजे जॅझ ऐकवणाऱ्या कॉफीच्या दुकानात. एका कप कॉफीच्या पैशांत तासन्‌तास मोठ्या स्पीकरांवर संगीत ऐकायला मिळे. तोक्योच्या शिबुया भागातलं 'लायन' हे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं असंच दुकान १९२६ सालचं. तिथे खुर्च्यांची तोंडं स्पीकरांकडे आणि गप्पा मारायला मनाई. तिथे बसणाऱ्यांना कुणी "घरी नेता येणार नाही, मग ऐकता कशाला?" असं विचारलं नसणार.

आता मुख्य मुद्दा, घरचं फिकं वाटण्याचा. तो मला उडवून लावायचा नाही. फिकं वाटतं. मला आठ-दहा दिवस वाटलं. पण त्यानंतर काय होतं, ते हा सल्ला देणारे सांगत नाहीत.

माझ्याकडे तेव्हा बावीस हजारांची बुकशेल्फ स्पीकरांची जोडी होती, टीव्हीच्या शोकेसमध्ये दोन बाजूंच्या कप्प्यांत व्यवस्थित बसवलेली. मुंबईतल्या एका शोरूममध्ये मी पहिल्यांदा साडेनऊ लाखांची जोडी ऐकली. सोबत पेन ड्राइव्हवर एका मैफलीचं ध्वनिमुद्रण नेलं होतं, विलंबित एकतालातला ख्याल. ते मी घरी शंभरदा तरी ऐकलं असेल. पहिलं आवर्तन पुरं व्हायच्या आत मी खुर्चीत पुढे सरकलो, कारण डग्गा, तबल्याच्या जोडीतला खालच्या सुराचा, बोलत होता. तबलजी हाताचा तळवा पुडीवर दाबत पुढे सरकवतो आणि सूर खालून वर चढत जातो, ज्याला घिस्सा म्हणतात, तो मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू आला. कुठे दाब वाढला, कुठे हात सुटला, सगळं. घरी त्याच जागी मला इतकी वर्षं फक्त "घुम्म" ऐकू येत होतं. प्रत्येक आघात त्याच एका सुरात.

घरी आलो तो खट्टू होऊनच. पण आता कानाला एक प्रश्न पडला होता: माझ्याकडे डग्ग्याचे सगळे आघात एकाच सुरात का? हा प्रश्न शोरूममध्ये गेलो नसतो तर मला कधीच पडला नसता, कारण डग्गा स्पीकरवर असाच वाजतो असं मी धरून चाललो होतो. शोधल्यावर उत्तर सापडलं. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबले की खालचे सूर फुगतात, आणि कप्प्याच्या फळ्या स्वतःही थरथरतात. त्यात खोलीची भर. माझी खोली दहा बाय बारा फुटांची. बारा फूट म्हणजे सुमारे ३.६६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर त्या लांबीत ४७ हर्ट्झच्या (सेकंदाला ४७ कंपनांच्या) आसपासचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमतो, आणि दहा फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झचा. वाजवणारा काहीही वाजवो, खोली आपलेच ठरलेले सूर त्यावर चढवते.

एका रविवारी स्पीकर शोकेसमधून काढले. दोन लाकडी स्टुलांवर ठेवून त्यांच्या मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे आणले. माझी बसायची जागा माझ्या पाठीमागच्या भिंतीला चिकटलेली होती, ती पुढे ओढली. स्पीकर आणि मी यांचा साधारण समभुज त्रिकोण केला. खाली सतरंजी घातली. खर्च शून्य. घिस्सा पूर्ण नाही आला, साडेनऊ लाखांच्या जोडीइतका तर नाहीच, पण आला. त्या संध्याकाळी मी तोच ख्याल तीनदा लावला. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "नवे घेतलेस का?"

म्हणजे घरचं फिकं वाटणं हा अपाय नव्हता, ते निदान होतं. ताप मोजला नाही म्हणून ताप नसतो असं नाही.

खोली वेगळी असते या मुद्द्याचं उत्तर यातच आलं. असतेच वेगळी, आणि म्हणूनच तिथे जाऊन ऐकायचं. चांगल्या जागी, मोकळे उभे केलेले स्पीकर काय करू शकतात हे कळल्याशिवाय आपल्या खोलीने त्यातलं काय गिळलं हे कळणार कसं? शोरूमचा आवाज जसाच्या तसा घरी येईल या आशेने कुणी जात असेल तर त्याने ती आशा सोडावी. एवढ्यापुरतं मी सल्लागारांशी सहमत आहे.

पुढचा मुद्दा थोतांडाचा. यात तथ्य आहे, थोडंथोडकं नाही, बरंच. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी आणि पुढे स्पीकर बनवणाऱ्या हरमन कंपनीत त्यांच्यासोबत शॉन ऑलिव्ह यांनी माणसांना पडद्याआडून स्पीकर ऐकवून कित्येक वर्षं चाचण्या घेतल्या. १९९४ साली त्यांनी तेच स्पीकर, त्याच माणसांना, एकदा दाखवून आणि एकदा झाकून ऐकवले. ऐकणारे कंपनीचेच कर्मचारी होते. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरांना गुण चढले आणि लहानशा प्लास्टिकच्या सेटचे उतरले. पडदा आला आणि हा फरक बराच आवळला. डोळे कानांना फसवतात, हे त्यातून नीट दिसलं.

पण यावरून "ऐकायला जाऊ नका" हा निष्कर्ष कसा निघतो? मी तर उलट म्हणेन. महागड्या वस्तूचं गारूड तिच्यापासून लांब राहिलेल्यावर जास्त चालतं. फोटो बघून, किंमत वाचून, ज्यांनी ऐकलं त्यांची वर्णनं ऐकून माणूस मनातल्या मनात त्या स्पीकरांना देव्हाऱ्यात बसवतो. एकदा जाऊन समोर बसा. चार वर्षांपूर्वी मी अठरा लाखांची एक जोडी ऐकली. माणसाएवढी उंच, पियानोसारखी चकचकीत. त्यावर बाईचा आवाज असा यायचा की गाणारीचं तोंड चार फूट रुंद आहे की काय असं वाटावं, आणि 'स' उच्चारला की कानाला टोचायचं. अर्ध्या तासाने मी उठलो तो मोठ्या समाधानाने. ती जोडी माझ्या स्वप्नात होती, त्या दिवशी गेली. हे समाधान मला कोणताही लेख वाचून मिळालं नसतं.

इथे एक काळजी मात्र घ्या. दोन सिस्टीमांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला लावा. जी एखाद्या डेसिबेलने मोठी वाजते ती कानाला "जास्त मोठी" वाटत नाही, "जास्त चांगली" वाटते. मोबाइलवरच्या मोजणीच्या अ‍ॅपने काटेकोर जमणार नाही, तरी काहीच न मोजण्यापेक्षा बरं. आणि शक्य असेल तर सोबत्याला बटण दाबायला सांगून आपण डोळे मिटून बसा.

महाग म्हणजे केवळ सजावट, असंही नाही. वर केलेलं काम खाली झिरपतं. केईएफ या ब्रिटिश स्पीकर कंपनीने २०११ साली ब्लेड हा भला मोठा, लाखोंचा स्पीकर काढला. स्पीकरच्या मोठ्या शंकूच्या मधोमध ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, बसवायची त्यांची पद्धत १९८८ पासूनची, ती त्यात पुढच्या टप्प्यावर नेली. पाठोपाठ, कंपनीच्या पन्नाशीनिमित्त, एलएस५० आला: पुस्तकांच्या कप्प्यात मावेल एवढा आणि किमतीने ब्लेडच्या पासंगालाही न पुरणारा, पण त्याच जातीचा. ज्याने ब्लेड ऐकला आहे त्याला एलएस५० ऐकताना काय तेच आहे आणि काय राहून गेलंय हे कळतं. मग राहून गेलेल्यासाठी किती पैसे मोजायचे, हे तो शुद्धीवर राहून ठरवू शकतो.

"कानाला आठवण राहत नाही" हा सगळ्यांत हुशार मुद्दा. दोन आवाजांतला बारीक फरक मनात काही सेकंदच ताजा राहतो, हे खरंच आहे. म्हणून मंगळवारी एका दुकानात आणि शनिवारी दुसऱ्या दुकानात ऐकून "दुसऱ्याचा ट्रेबल जरा मऊ होता" असं म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण आठवण एकाच तऱ्हेची नसते. मागच्या महिन्यातल्या मैफलीत गायकाचा षड्ज नेमका कसा लागला होता ते सांगता येणार नाही, पण एकदा मारवा राग ओळखायला शिकलेला माणूस तो विसरत नाही. काय ऐकायचं हे एकदा कळलं की ते टिकतं.

तंबोऱ्याचं उदाहरण देतो. नीट लागलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार उमटतो. कुणी गंधाराची तार लावलेली नसते, तरी तो येतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मिरजेचे कारागीर जवारी काढताना घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तासन्‌तास घासकाम करतात आणि तारेखाली दोरा सरकवून बघत बसतात ते याच झणकारासाठी. मी हे वाचलं होतं, शिकणाऱ्यांकडून ऐकलंही होतं, पण मला स्वतःला तो कधी ऐकू आला नव्हता. तो पहिल्यांदा ऐकला एका ओळखीच्या डॉक्टरांच्या घरी, त्यांच्या आयुष्यभराच्या कमाईतून उभ्या राहिलेल्या सिस्टीमवर. आलाप सुरू व्हायच्या आधी नुसते तंबोरे वाजत होते. डॉक्टरांनी बोट वर करून "हा बघ" म्हटलं, आणि तिथे, दोन स्पीकरांच्या मध्ये, गंधार तरंगत होता.

घरी येऊन तेच ध्वनिमुद्रण लावलं. गंधार तिथेही होता. काळी एक पट्टीच्या पुरुषी तंबोऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या जवळपास असते. हा गंधार तिच्यातूनच उमटणारा, तिच्या पाचपट कंपनांचा उपस्वर, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या आसपास. एवढं तर दहा हजारांचा स्पीकरही आरामात वाजवतो. माझे स्पीकर तो इतकी वर्षं इमानाने वाजवत होते. ऐकायला मीच शिकलो नव्हतो. आज मला तो रिक्षातल्या रेडिओवर, घरच्या स्वस्त इयरफोनवरही सापडतो. डॉक्टरांच्या सिस्टीमचा बाकी आवाज मला आज आठवत नाही, पण गंधार गेलेला नाही.

ऑलिव्ह यांच्याच नंतरच्या चाचण्यांत हेही दिसलं की सरावलेल्या आणि न सरावलेल्या माणसांची आवड साधारण एकच निघते, फक्त सरावलेल्यांचे निकाल जास्त ठाम आणि पुन्हा पुन्हा तेच येतात. कान तयार होतो, आणि तयार व्हायला त्याला चांगलं काहीतरी ऐकावं लागतं.

राहिला दुकानदाराच्या वेळेचा मुद्दा. मला तो मनापासून पटतो, म्हणून त्याचं उत्तर वागण्यातून द्यावं लागतं. शनिवार-रविवारी संध्याकाळी, गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना जाऊ नये. आधी फोन करावा आणि खरं सांगावं: "माझं बजेट चाळीस हजार आहे, आज काही घेणार नाही, पण तुमच्याकडचं वरचं मॉडेल अर्धा तास ऐकायचं आहे. जमेल का?" काही ठिकाणी नाही म्हणतात. एका ठिकाणी मला दारातच, पायातल्या चपलांकडे बघत, "नक्की घेणार आहात का?" असं विचारलं गेलं. त्या दिवशी परत फिरताना अपमान वाटला होता, आजही आठवलं की वाटतो. पण बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. ही माणसंही मूळची वेडीच असतात. मंगळवारी सकाळी अकरा वाजता रिकाम्या शोरूममध्ये कुणी स्वतःचं ध्वनिमुद्रण घेऊन ऐकायला आलं तर त्यांनाही बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र करू नये. त्यांच्याकडे ऐकून, त्यांची वीज आणि वेळ वापरून, तीच वस्तू दोन हजार वाचवायला दुसरीकडून मागवू नये.

साडेनऊ लाखांची जोडी मला ज्यांनी ऐकवली त्यांनी त्या दिवशी चहा पाजला होता आणि निघताना म्हणाले होते, "घरी स्पीकर कुठे ठेवलेत? आधी ते शोकेसमधून काढा." चार वर्षांनी चाळीस हजार साठले तेव्हा मी त्यांच्याकडेच गेलो. त्यांनी तीन जोड्या लावल्या. मी तोच ख्याल लावला, डग्ग्याकडे कान दिला, आणि वीस मिनिटांत मधली जोडी उचलली.