गंज दिसला तर गाळणी बदला

अणुवीज केंद्राची सूत्रं हाती आली की नवखा माणूस भट्टी नीट चालली आहे ना हे बघायला धावतो. तुम्ही तसलं काही करू नका. भट्टीचं भट्टी बघेल, तुम्ही अहवाल बघा. भट्टी बिघडली तर महिनोन्‌महिने जातात, अहवाल बिघडला तर दुपारच्या चहापर्यंत दुरुस्त होतो.

गाळणीपासून सुरुवात करू. अमेरिकेत ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी डेव्हिस-बेसी नावाचं केंद्र आहे. तिथे भट्टीच्या बंदिस्त इमारतीतल्या हवेतला किरणोत्सार मोजणारी यंत्रं होती आणि त्यांना गाळण्या होत्या. एरवी गाळणी महिन्याभराने बदलायची. 1999 मध्ये ती दर एक-दोन दिवसांनी तुंबायला लागली. गाळणीत अडकत होती ती बारीक, तांबूस पूड, म्हणजे गंज. बंदिस्त इमारतीत हवेत गंज उडतोय, म्हणजे आत कुठेतरी लोखंड खाल्लं जातंय, हे शाळकरी पोरालाही कळेल. म्हणून तर अशा जागी शाळकरी पोरं नेमत नाहीत. केंद्राने गाळण्या भराभर बदलायला सुरुवात केली. हाच आमचा पहिला सल्ला. गंज दिसला तर गाळणी बदला. गाळणी कोरी दिसली की हवा शुद्ध.

आता थोडं यंत्रशास्त्र, मीटिंगमध्ये मान डोलवण्यापुरतं. या जातीच्या भट्टीतल्या पाण्यात बोरिक आम्ल मिसळलेलं असतं आणि ते पाणी वातावरणाच्या सुमारे दीडशेपट दाबाखाली असतं. भट्टीच्या झाकणातून नियंत्रक कांड्यांच्या नळ्या आत जातात. नळीला चीर पडली की पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि झाकणावर आम्लाचा पांढरा थर साचतो. तो पांढरा आहे तोवर ठीक. 2000 सालच्या शटडाउनमध्ये काढलेल्या फोटोत झाकणाच्या कडेच्या भोकांतून जे ओघळ आलेले दिसतात, ते चांगले विटकरी-लाल आहेत. पानाची पिचकारी मारलेला सरकारी जिना आठवा, हुबेहूब तसे.

अशा वेळी काय करायचं? धुवायचं. त्यांनीही गरम पाण्याने धुतलं. सगळं निघालं नाही, कारण आत हात पोचेना. हात पोचावा म्हणून वरच्या आवरणाला मोठी दारं पाडायची सूचना 1990 पासून फाइलमध्ये होतीच, पुढच्या शटडाउनला, मग त्याच्या पुढच्या शटडाउनला करायची म्हणून. कागदावर मात्र झाकण स्वच्छ निघालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे तर प्रत्यक्ष झाकणच होतं.

नियामकाला घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या केंद्रात नळ्यांना आडव्या चिरा सापडल्यावर अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने 2001 मध्ये फर्मावलं की 31 डिसेंबरच्या आत तपासणी करा. कंपनीला भट्टी मार्चअखेरच बंद करायची होती. मग मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर होते तशी घासाघीस झाली आणि सौदा 16 फेब्रुवारीवर पटला. आयोगाच्याच महानिरीक्षकाने पुढे लिहिलं की या निर्णयामागे कंपनीचं आर्थिक नुकसान कमी व्हावं ही इच्छा मोठ्या प्रमाणात होती. वडीलधाऱ्यांचा असा जिव्हाळा नशिबाने मिळतो.

मार्च 2002 मध्ये एका नळीची दुरुस्ती चालू असताना नळीच हलली. बघतात तर साडेसहा इंच जाडीच्या पोलादी झाकणात अननस मावेल एवढा खड्डा. खाली उरलं होतं ते सेंटीमीटरभरही जाडी नसलेलं स्टेनलेस स्टीलचं अस्तर. ते आम्ल थोपवायला बसवलेलं, दाब पेलायला नव्हे. दीडशेपट दाब त्यानेच पेलला, जरासा फुगून. त्या अस्तराचं नाव आदर्श कर्मचारी म्हणून कुणीच सुचवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

केंद्र दोन वर्षं बंद राहिलं, आयोगाने 54.5 लाख डॉलर दंड केला, 2006 मध्ये सरकारी खटला टाळायला आणखी 2 कोटी 80 लाख गेले. आकडे ऐकून दचकू नका, नोकरीची जागा बघून निवडा. आपल्या कॅगने 2012 च्या अहवालात अणुऊर्जा नियामक मंडळाबद्दल लिहिताना दाखवून दिलं होतं की नियमभंगाला तेव्हा जास्तीत जास्त दंड 500 रुपये होता. बोईसर स्टेशनबाहेरचा रिक्षावाला तारापूरला जायचे किती मागतो ते आधी विचारा आणि मग ही रक्कम बघा.

दिव्यांचंही सांगायला हवं. पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडमध्ये 28 मार्च 1979 च्या पहाटे दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला, आणि नियंत्रण कक्षातला त्याचा दिवा मात्र शिस्तीत विझला. व्हॉल्व्ह बंद झाला की नाही याच्याशी त्या दिव्याला देणंघेणंच नव्हतं. ‘बंद हो’ असा हुकूम सुटला, एवढंच तो सांगायचा. दोन तासांहून जास्त वेळ पाणी जात राहिलं. (परिपत्रक काढलं की काम झालं असं मानणाऱ्या कार्यालयात हा दिवा केव्हाच साहेब झाला असता.) असाच व्हॉल्व्ह सप्टेंबर 1977 मध्ये अडकला होता. कुठे? आपल्या डेव्हिस-बेसीतच. भट्टी तेव्हा जेमतेम 9 टक्के शक्तीवर होती, म्हणून निभावलं. इतर केंद्रांना सावध करा, असं भट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्याच अभियंत्यांनी लिहूनही दिलं. ते टिपण या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं. टिपण फिरतं आहे तोवर कुणी दुर्लक्ष केलं असं म्हणता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

राहता राहिला तोंड उघडणारा माणूस. त्यावर जपानचा तोडगा आहे. टेप्को कंपनीच्या भट्ट्यांमधल्या चिरा तपासणीच्या नोंदींतून गायब होतात, असं 2000 साली एका तपासनिसाने सरकारी यंत्रणेला कळवलं. यंत्रणेने त्याचं नाव कंपनीला कळवलं. चौकशी पुरी व्हायला दोन वर्षं लागली, नाव पोचायला तेवढी लागली नाहीत. पुढे वरिष्ठांनी राजीनामे दिले, 17 च्या 17 भट्ट्या एकदा थांबवाव्या लागल्या, मग पुन्हा सुरू झाल्या.

त्याच कंपनीने 2008 मध्ये हिशेब मांडला की फुकुशिमाला 15.7 मीटरची लाट येऊ शकते. केंद्राची तयारी 5.7 मीटरची. असा आकडा हातात आला तर घाई करू नका, आणखी अभ्यासाला पाठवा. त्यांनीही पाठवला. अखेर 7 मार्च 2011 ला हा आकडा सरकारी यंत्रणेसमोर रीतसर ठेवला गेला. लाट 11 तारखेला आली. चार दिवस आधी कळवलं होतं, अहवालाला उशीर झाला असं कुणाची म्हणायची टाप नाही.